बेरेट्टा ९२ की सिग पी२२६? आधी आपला हात मोजा

मला दोन-चारच्या बांगड्या लागतात. पिस्तुलावरच्या लेखात बांगड्यांचं माप कशाला, असं वाटेल. पण टेक्सासमधल्या एका दुकानात पहिल्यांदा बेरेट्टा हातात घेतलं तेव्हा नेमकं हेच माप आडवं आलं. तर्जनी ट्रिगरपर्यंत पोचली ती नखापुरती. काउंटरपलीकडच्या माणसाने ते अलगद काढून घेतलं आणि एक चिमुकलं गुलाबी पिस्तूल पुढे सरकवलं. बायकांना हेच बरं पडतं, म्हणाला. (बरं पडत नाही. पिस्तूल जितकं छोटं आणि हलकं, तितका हाताला झटका जास्त.)

त्यानंतर चार महिने मी नेमबाजीच्या रेंजवरची भाड्याची पिस्तुलं चालवली आणि एका दोनशे पानी वहीत आकडे लिहिले. बरोबर नवरा असायचा, त्याचा पंजा माझ्या दीडपट. त्यामुळे एकाच पिस्तुलाबद्दल आमच्या घरात दर रविवारी दोन निकाल लागायचे. हा लेख त्या वहीतून काढला आहे. अमेरिकेत कायद्याने पिस्तूल घेऊ शकणाऱ्या, पण पहिल्यांदाच घेणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. भारतात ९ मिमी हे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी निव्वळ गंमत म्हणून वाचावा.

माझं आधीचं ज्ञान म्हणजे कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीत चालवलेली पॉइंट टू-टू रायफल. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंतचं गाव ते, नेमबाजीचं कौतुक भरपूर. तिथे एक गोष्ट पाहिली होती: स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची लाकडी मूठ खेळाडूच्या हाताप्रमाणे घेतात, कुठे कानशीने घासतात, कुठे पुट्टी भरतात. लष्करी पिस्तुलाचं तसं नाही. ते लाखो हातांसाठी एकाच मापात शिवलेलं. रेडीमेड ब्लाउजसारखं, घालून पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

हीच दोन का?

कारण ही दोघं एकाच परीक्षेला बसलेली. अमेरिकी सैन्याला जुन्या .४५च्या एम१९११ए१ ऐवजी ९ मिमीचं पिस्तूल हवं होतं. १९८४च्या चाचण्यांतून शेवटी दोनच उरली, इटलीचं बेरेट्टा ९२एफ आणि सिग-झाउअर पी२२६. दोन्ही पास. मॅगझिन (गोळ्यांची डबी) आणि सुटे भाग धरून बेरेट्टा स्वस्त पडलं, आणि जानेवारी १९८५ मध्ये तेच ‘एम९’ झालं. नौदलाच्या सील पथकांनी मात्र पुढे पी२२६ उचललं. २०१७ मध्ये एम९ची जागा सिगच्याच नव्या पिस्तुलाला मिळाली, म्हणजे उट्टं निघालं म्हणायचं.

बेरेट्टा हे घराणं किती जुनं? पानिपतची पहिली लढाई झाली त्याच साली, १५२६ मध्ये, व्हेनिसच्या शस्त्रागाराने बार्तोलोमेओ बेरेट्टाकडून बंदुकांच्या १८५ नळ्या घेतल्याची नोंद आहे. हे सगळं ऐकायला छान वाटतं. हात बसतो की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

१. आधी कागद: तुम्हाला हात लावता येतो का?

इथे आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून हे पहिलं.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. विकत घेणं तर सोडाच, रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. याला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो असेल तरी आधी वकिलाशी बोला. व्हिसाचं प्रकरण अशा गोष्टीवरून बिघडवून घेऊ नका. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही आडकाठी नाही.

माझे सासरे साताऱ्याहून आले होते, बी-२ वर. रेंजवर बरोबर आले आणि म्हणाले, “सूनबाई, एक फोटो काढ, हातात धरतो नुसतं. मित्रांना पाठवतो.” मी नाही म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण नाहीच म्हणायचं असतं. फोटो म्हणजे तर आपणच आपल्याविरुद्ध तयार केलेला पुरावा.

शिवाय राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सासमध्ये विकत घ्यायला वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी खरेदीचा परमिट काढावा लागतो आणि मॅगझिनमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. कॅलिफोर्नियात परीक्षा देऊन सर्टिफिकेट, मग १० दिवस थांबणं, आणि राज्याच्या यादीत असलेलीच मॉडेलं दुकानातून नवी मिळतात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बहिणीचा अनुभव डॅलसमध्ये कामाला येत नाही.

२. रेंजवर जाताना बरोबर काय न्यायचं

- ड्रायव्हिंग लायसन्स, सध्याच्या पत्त्याचं
- ग्रीन कार्ड असेल तर तेही
- डोळ्यांना चष्मा आणि कानांना इअरमफ. रेंजवर भाड्याने मिळतात, पण बंदिस्त रेंजवर आवाज भयंकर घुमतो. स्वतःचे चांगले घ्या.
- बंद गळ्याचा टी-शर्ट. गरम पुंगळी उडून गळ्यात जाते. एकदा जाते आणि मग आयुष्यभर लक्षात राहते.
- वही, पेन, छोटी मोजपट्टी
- एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं. कशाला ते पुढे येईल.

बांगड्या आणि मोठ्या अंगठ्या घरी ठेवा. बांगडी मनगटावर खाली-वर होत राहते आणि लक्ष तिकडे जातं.

३. रिकामं आहे ना?

दोन्ही पिस्तुलांचा क्रम एकच. तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची, मग नळीच्या मागच्या टोकाला, जिथे गोळी बसते तिथे, डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. आधी स्लाइड आणि नंतर मॅगझिन केलंत, तर मॅगझिनमधली पुढची गोळी आत चढते आणि तुम्ही रिकामं समजून भरलेलं पिस्तूल हातात धरता. दुकानदाराने तुमच्यासमोर तपासलं असलं तरी हातात आल्यावर तुम्ही पुन्हा तपासा. कुणी हसत नाही. हसलं तर दुकान बदला.

ट्रिगर कोरडा ओढून पाहायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण न विचारता ओढलेला कुणालाच आवडत नाही.

४. मूठ: बेचकी आणि मनगट

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी बेचकी असते, ती मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर सरकेल तितकी सरकवा. मध्ये फट राहता कामा नये. आता वरून पाहा. नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचं हाड एका रेषेत येतंय का?

बेरेट्टाची मूठ मागच्या बाजूला फुगीर आहे. मोठा तळवा तिच्यात छान भरून जातो. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा धरलं आणि “अहाहा” म्हणाला. मला मात्र ओल्या नारळाला विळखा घातल्यासारखं वाटलं. बोटांची टोकं पलीकडे पोचतात, पण पकड घेत नाहीत. सिगची मूठ त्या मानाने सरळ आणि चापून बसणारी. २०१०च्या सुमारास आलेल्या ‘ई२’ नावाच्या मुठीत ती आणखी बारीक झाली आहे. भाड्याने घेताना मूठ ई२ आहे की जुनी दोन पट्ट्यांची, ते वहीत लिहा. नाहीतर रेंजवर एक बसतं, विकत दुसरंच येतं.

आता डोळे मिटून करायची परीक्षा. रिकामं पिस्तूल, रेंजवर, समोरच्या टार्गेटकडे तोंड. टार्गेटवर एक ठिपका निवडा, डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी कुठे दिसते? मागच्या खाचेच्या वर दिसत असेल तर तुमच्या मनगटाला त्या मुठीचा कोन जुळत नाही; डावी-उजवीकडे गेली असेल तर मूठ तळव्यात फिरली आहे. पाच वेळा करा आणि पाचही वेळा लिहा. एकदा बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका.

५. पहिला चाप

सगळा लेख खरं तर या एका पायरीसाठी आहे.

ही दोन्ही पिस्तुलं डबल ॲक्शन-सिंगल ॲक्शन जातीची. पहिल्या गोळीला (ही डबल ॲक्शन) हॅमर, म्हणजे पिस्तुलाच्या मागचा ठोका देणारा भाग, खाली असतो. ट्रिगर ओढताना तोच हॅमर मागे नेतो आणि सोडतो. त्यामुळे ट्रिगर लांबून येतो आणि जड असतो. बेरेट्टाचा दहा-बारा पौंडांचा, सिगचा दहाच्या आसपास. पहिली गोळी सुटली की स्लाइड मागे येऊन हॅमर ताणून ठेवते, आणि दुसऱ्या गोळीपासून (ही सिंगल ॲक्शन) ट्रिगर साडेचार-पाच पौंडांवर येतो, शिवाय जागेनेही मागे सरकतो.

म्हणजे पहिल्या गोळीला तुम्ही एका बोटावर तांदळाची पाच किलोची पिशवी पेलण्याइतका जोर लावता. आणि ज्या वस्तूवर लावता तिचं स्वतःचं वजन किलोभरसुद्धा नाही. ती हलू द्यायची नाही! बोट ट्रिगरवर नीट बसलं नसेल तर ते अशक्य आहे.

आता सापळा बघा. दुकानातला माणूस स्लाइड ओढून पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवतो, स्लाइड पुढे सोडतो आणि पिस्तूल तुमच्या हातात देतो. त्या क्षणी हॅमर ताणलेला असतो. ट्रिगर मागे आलेला असतो. बोट मस्त पोचतं, तुम्ही “व्वा, बसलं की” म्हणता, पैसे भरता, आणि घरी आल्यावर कळतं की हॅमर खाली असताना बोट पोचतच नाही. म्हणून हातात आलं की आधी हॅमर खाली आणा. बेरेट्टावर स्लाइडवरचा लिव्हर खाली दाबायचा आणि पुन्हा वर करायचा. सिगवर डाव्या बाजूचा डीकॉकर खाली ओढून सोडायचा. अंगठ्याने हॅमर धरून ट्रिगर दाबत हळूच खाली सोडायचा उद्योग करू नका. भरलेल्या पिस्तुलावर अंगठा निसटला तर गोळी सुटते. ही सवय रिकाम्यावरही लावून घ्यायची नाही.

हॅमर खाली, पकड चौथ्या पायरीतली. आता बोट ट्रिगरवर ठेवा.

बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरच्या मधोमध यायला हवा; डबल ॲक्शनच्या जोरासाठी पहिल्या सांध्यापर्यंत आलं तर आणखी चांगलं. माझं बेरेट्टावर टोक पोचलं, सिगवर पेराचा मध्य. मोजपट्टीवर हा फरक बोटभरसुद्धा नाही. हाताला मात्र तो पुरता जाणवतो.

मग बोट आणि फ्रेमच्या मधली फट बघा. बोट फ्रेमला घासत जात असेल तर प्रत्येक वेळी ते पिस्तुलाला बाजूला ढकलणार.

आणि शेवटी बेचकी. बोट पोचावं म्हणून आपण नकळत मूठ फिरवतो, आणि मग बेचकीऐवजी अंगठ्याचं हाड पिस्तुलाच्या मागे येतं. आरशासमोर किंवा कुणाला तरी मागून पाहायला सांगून तपासा. मी तीन रविवार असं मूठ फिरवून बेरेट्टा चालवत होते. मला वाटत होतं बसलं. अंगठ्याचा सांधा सुजला तेव्हा नवऱ्याने मागून फोटो काढून दाखवला.

आता नाणं. रेंजवर, पिस्तूल रिकामं, तोंड टार्गेटकडे. कुणाला तरी पुढच्या माशीच्या मागे स्लाइडवर डाइम ठेवायला सांगा, पण त्याचा हात कधीही नळीच्या तोंडापुढे येता कामा नये. तो बाजूने आला पाहिजे आणि तोवर तुमचं बोट बाहेर. मग सावकाश पूर्ण ट्रिगर ओढा. दहा वेळा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी लिहिलंय: बेरेट्टा, सात वेळा पडलं. सिग, चार वेळा. नवऱ्याचं बेरेट्टा दोन, सिग तीन.

या आकड्यांनीच आमच्या घरातला वाद मिटला, खरं तर.

६. अंगठ्याच्या पोचेत काय काय आहे

बेरेट्टा ९२एफएसवर सेफ्टी स्लाइडवर आहे, मागे वर. लिव्हर खाली म्हणजे पिस्तूल बंद, वर म्हणजे पिस्तूल चालू. दोन्ही बाजूंनी असल्यामुळे डावखुऱ्याला सोयीचं. पण लहान अंगठ्याला तो वर ढकलणं जड जातं, पकड थोडी सोडावीच लागते. ‘जी’ जातीच्या मॉडेलात तोच लिव्हर फक्त हॅमर खाली आणतो आणि आपोआप वर येतो, सेफ्टी म्हणून बसत नाही. कुठलं मॉडेल आहे ते विचारून घ्या; बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

सिगवर वेगळी सेफ्टीच नाही. फक्त डीकॉकर, तोही डावीकडे. डावखुऱ्यांनी इथेच विचार करावा.

आणि सिगची एक खोड. स्लाइड अडकवणारा लिव्हर डीकॉकरच्या मागे, अगदी अंगठ्याखाली येतो. हल्ली शिकवतात तसे दोन्ही अंगठे पुढे ठेवून धरलं तर उजवा अंगठा त्या लिव्हरवर बसतो. मग शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकतच नाही. मी चार वेळा रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढला. टक्. पिस्तूल बिघडलंय म्हणून तक्रार घेऊन काउंटरवर गेले, तिथल्या आजोबांनी माझा अंगठा धरून अर्धा इंच वर ठेवला आणि काही न बोलता कॉफी प्यायला निघून गेले.

७. स्लाइड ओढणं

ताकद कमी पडते असं वाटणाऱ्यांसाठी एक युक्ती दोन्हींना लागू: आधी हॅमर अंगठ्याने मागे ताणा, मग स्लाइड ओढा. हॅमरच्या स्प्रिंगचा विरोध जातो आणि स्लाइड बरीच हलकी लागते. दुसरं, नुसती स्लाइड मागे ओढू नका. एका हाताने स्लाइड मागे, दुसऱ्याने मूठ पुढे, छातीजवळ. पोळपाट धुताना दोन हात उलट-सुलट दिशेला चालतात तसं.

बेरेट्टाचा सापळा इथेही सेफ्टीचाच. स्लाइड वरून मूठ घालून ओढली की बोटं लिव्हरवर पडतात, तो खाली जातो, आणि पिस्तूल बंद होतं. तुम्ही नेम धरता, ट्रिगर ओढता, काहीच होत नाही. प्रत्येक वेळी स्लाइड सोडल्यावर अंगठ्याने लिव्हर वर आहे का हे चाचपायची सवय लावा.

८. दोन्ही एकाच दिवशी चालवा

आज एक, पुढच्या महिन्यात दुसरं, असं केलं तर तुलना होत नाही. दोन्ही एकाच तासात, एकाच पेटीतल्या गोळ्या. ११५ ग्रेनच्या (हे गोळीचं वजन) साध्या सरावाच्या गोळ्या पुरतात. प्रत्येकी ५० पुष्कळ झाल्या. त्यानंतर हात थकतो आणि आकडे खोटं बोलायला लागतात.

टार्गेट ७ यार्डांवर. मॅगझिनमध्ये मोजून दोनच गोळ्या भरा. हॅमर खाली, एक डबल ॲक्शन, लगेच एक सिंगल. असं दहा वेळा, दर दोन गोळ्यांना स्वतंत्र ठिपका. शेवटी पहिल्या आणि दुसऱ्या छिद्रातलं अंतर मोजून लिहा. दुसरी गोळी चांगली आणि पहिली भरकटलेली, हे नवख्यांचं नेहमीचं चित्र. जे पिस्तूल या दोन छिद्रांतलं अंतर कमी ठेवतं, ते तुमच्या हाताचं.

झटक्याबद्दल: बेरेट्टाची स्लाइड वरून उघडी, नळी सरळ मागे जाते, गोळी सुटताना एक गुळगुळीत ढकलणं जाणवतं. सिगमध्ये नळी मागे जाताना तिरकी होते, स्लाइडही हातापासून थोडी उंच बसते, तोंड जरा जास्त उसळतं. लांबीतही फरक आहे. बेरेट्टा २१७ मिमी, नळी १२५ मिमी. सिग १९६ मिमी, नळी ११२ मिमी. नुसत्या सिंगल ॲक्शनच्या गोळ्या मोजल्या तर मी बेरेट्टानेच चांगल्या मारल्या. खोटं कशाला बोलू? त्या पिस्तुलाच्या मी प्रेमात होते. पण माझी पहिली गोळी सिगची बरी होती, आणि पहिली गोळी नीट नसेल तर दुसरीचं कौतुक काय करायचं.

माशीचं एक: ९२एफएसवर पुढची माशी स्लाइडमध्येच कोरलेली असते, बदलता येत नाही. सिगची खाचेत बसवलेली, बदलता येते. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हे लवकर कळतं.

९. आवडलं, पण बसत नाही. मग?

बेरेट्टासाठी मुठीच्या पातळ पट्ट्या मिळतात, थोडा घेर कमी होतो. हॅमरची ‘डी’ स्प्रिंग घातली की डबल ॲक्शन हलका होतो. स्वस्तातला सगळ्यात चांगला बदल, पण पोच कमी होत नाही. पोच हवी असेल तर ‘व्हर्टेक’ नावाची सरळ मूठ असलेली मॉडेलं पाहा, एम९ए३ त्यातलंच. सिगला ई२ मूठ आणि छोट्या पोचेचा ट्रिगर, दोन्ही मिळतात. ई२ मूठ काढायला-घालायला नाजूक आहे, घाईत स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. माझ्या ओळखीत एकीने तो पराक्रम केला आहे.

एक मर्यादा ठेवा. दोनपेक्षा जास्त बदल करावे लागत असतील तर ते पिस्तूल तुमचं नव्हे.

खोलून साफ करण्यात दोन्ही सोपी, आणि दोन्हींत खोलताना ट्रिगर ओढावा लागत नाही, ही मोठी गोष्ट. बेरेट्टा तर एक बटण दाबून लिव्हर फिरवला की हातात येतं.

१०. विकत घेताना

नवं ९२एफएस सातशे डॉलरच्या आसपास, पी२२६ हजाराच्या पुढे. पोलीस खात्यांनी वापरून विकलेली सिग पुष्कळ मिळतात. बाहेरून होल्स्टरने घासलेली, आतून ठीक. जुनं इटालियन ९२एस स्वस्त दिसलं तर लक्षात ठेवा, त्याचं मॅगझिन सोडायचं बटण ट्रिगरजवळ नसून मुठीच्या तळाशी आहे. आणि जुनं ‘९२एफ’ असेल तर ‘एफएस’मधला एस विसरू नका: ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काही स्लाइड तुटून चालवणाऱ्यांना लागलं होतं, म्हणून स्लाइड मागे उडू नये यासाठी हॅमरच्या पिनेचं डोकं मोठं केलं. ते एफएस.

दुकानात ‘फॉर्म ४४७३’ भरावा लागतो आणि एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी होते. त्यातले आपले खड्डे:

- मधलं नाव पूर्ण लिहायचं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. लायसन्सवर एक, ग्रीन कार्डवर दुसरं असेल तर आधी ते निस्तरा. नुसतं आद्याक्षर चालत नाही.
- घर बदललंय आणि लायसन्सवर जुना पत्ता आहे? आधी लायसन्स बदला. नुसत्या पासपोर्टवर इथे भागत नाही.
- हिस्पॅनिक आहात का आणि वंश कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही भरायचे. मी एक मोकळा सोडला होता, फॉर्म परत आला.
- पिस्तूल स्वतःसाठीच घेताय ना, असा प्रश्न आहे. एच-१बीवरच्या मित्रासाठी आपल्या नावावर घेऊन देणं हा गंभीर गुन्हा आहे. मैत्री दुसऱ्या कशात तरी दाखवा.
- गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात नाही, आणि फॉर्म संघीय आहे.

उत्तर ‘थांबा’ असं आलं तर घाबरू नका. नावात साम्य असलं तरी येतं. ‘देशपांडे’ किंवा ‘पाटील’ असाल तर सवय असेलच.

तिजोरी त्याच दिवशी घ्या, नंतर नाही. घरात मुलं असोत वा नसोत, पाहुण्यांची येतातच.

११. रेंजची बॅग

हे कुणी सांगत नाही. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. अमेरिकेहून येणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेच्या अस्तरात एखादं जिवंत काडतूस सापडतं आणि भारतातल्या विमानतळावर आर्म्स ॲक्ट, १९५९ खाली पोलीस केस होते, असं पुष्कळदा घडतं. माणूस बिचारा सांगत बसतो, विसरलो होतो.

मुंबईच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री मी केबिन बॅग उलटी करून झटकली, कारण मध्ये एकदा तीच रेंजवर नेली होती. लिपस्टिक, दोन पार्किंगची तिकिटं, सुपारीची पुडी. अस्तराच्या टाक्यातून बोट घातलं तर खाली काहीतरी गार लागलं. ९ मिमीची, ११५ ग्रेनची, अख्खी. नवऱ्याने ती तिजोरीत ठेवली आणि मी ती बॅग घरीच सोडून त्याची ऑफिसची सॅक घेऊन निघाले.